मराठी ई-पत्राची पाठचिकित्सा

पत्र हे इतिहासाचे व वाङ्मयाचे अस्सल साधन होय, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकाला नव्याने सांगावी लागत नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो पानिपतच्या काळातील पत्रांचाच होता. पुढे ही माला बावीस खंडांपर्यंत गेली. अलीकडच्या काळात जी. ए. कुलकर्णी यांच्या निधनानंतर (१९८७) त्यांची निवडक पत्रे खंडशः प्रसिद्ध झाली, आणि कथाकार म्हणून ते जितके वाचले जातात तितकेच पत्रलेखक म्हणूनही वाचले जाऊ लागले. परंतु १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा खुली केली, आणि त्यानंतरच्या काळात मराठी पत्रव्यवहाराचा फार मोठा भाग कागदावरून संगणकावर गेला. या काळातील लेखकांची, संपादकांची व कुटुंबांची पत्रे आज कोठल्या तरी जुन्या संगणकातील ई-मेल प्रोग्रामच्या फोल्डरांत पडून आहेत. ती उघडली असता पुष्कळदा मराठीऐवजी प्रश्नचिन्हे, चौकोन किंवा अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात.

अशा वेळी सामान्यतः 'पत्र खराब झाले' असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष बहुधा घाईचा असतो. कसरीने खाल्लेला कागद आणि मोडी न येणाऱ्याच्या हाती पडलेला धडधाकट मोडी कागद, हे दोन्ही वाचकाला सारखेच दुर्बोध; पण पहिल्यात मजकूर नष्ट झालेला असतो, दुसऱ्यात तो पूर्ण शाबूत असतो. ई-पत्राच्या बाबतीतही नेमका हाच भेद आहे. मजकूर नष्ट झाला आहे की केवळ चुकीच्या किल्लीने वाचला जात आहे, हे आधी ठरविल्याशिवाय कोणतीही दुरुस्ती करू नये. कारण पुष्कळ शाबूत पत्रे दुरुस्तीच्या प्रयत्नातच नष्ट होतात. या भेदाची लक्षणे, त्यामागील कारणे आणि ई-मेल प्रोग्रामची योग्य जुळणी यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. एकशे अठ्ठावीस चिन्हांची वाट

ई-मेलचे मूळ नियम १९८२ साली निश्चित झाले. त्या नियमांनुसार पत्रात केवळ 'आस्की' या अमेरिकन तक्त्यातील १२८ चिन्हे येऊ शकत. त्यांत रोमन अक्षरे, आकडे व विरामचिन्हे होती. देवनागरी तर राहोच, फ्रेंच भाषेतील आघातचिन्हांकित अक्षरेही नव्हती. १९९२ साली नाथानिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनी 'माइम' या नावाने ओळखली जाणारी पुरवणी मांडली, आणि इंग्रजीतर भाषांना या वाटेने जाता येऊ लागले. वाट मात्र तीच अरुंद राहिली. नवा उपाय एवढाच की, कोणतीही लिपी आधी १२८ चिन्हांच्या वेशात गुंडाळून पाठवायची आणि पत्राच्या शीर्षभागात दोन गोष्टींची चिठ्ठी जोडायची: मजकूर कोणत्या वर्णसंचात लिहिला आहे, आणि तो कोणत्या पद्धतीने गुंडाळला आहे. पत्र घेणारा प्रोग्राम ही चिठ्ठी वाचून गाठोडे सोडतो. चिठ्ठी हरवली, चुकीची लिहिली गेली किंवा वाचलीच गेली नाही, तर शाबूत मजकूर अगम्य दिसू लागतो. ई-पत्रांच्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ या चिठ्ठीत असते.

याच सुमारास भारतीय लिप्यांचे तक्ते तयार होत होते. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली 'इस्की' हा तक्ता प्रमाण म्हणून स्वीकारला. २५६ जागांच्या या तक्त्याच्या खालच्या अर्ध्यात रोमन व वरच्या अर्ध्यात भारतीय वर्ण होते. त्याचे वैशिष्ट्य असे की, 'क' या वर्णाचा क्रमांक मराठी, बंगाली, तेलुगू अशा सर्व लिप्यांत एकच होता. लिपी बदलली तरी मजकूर तोच राही. त्याच वर्षी 'युनिकोड' या जागतिक तक्त्याची पहिली आवृत्ती निघाली. तिने इस्कीचा वर्णक्रम आधारास घेतला, परंतु प्रत्येक लिपीला १२८ जागांची स्वतंत्र आळी दिली. १९९२ साली केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनी युनिकोडचे क्रमांक साठविण्याची 'यूटीएफ-८' ही पद्धत शोधली. आज मराठी ई-पत्र याच पद्धतीने लिहावे, याविषयी दुमत नाही.

या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट, म्हणजे ० ते २५५ यांपैकी एक अंक, पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला, मात्रेला व हलन्ताला मात्र तीन अंक लागतात. उदाहरणार्थ, 'क' म्हणजे २२४, १६४, १४९. देवनागरीच्या सर्व चिन्हांचा पहिला अंक २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी निदानाच्या दृष्टीने मोलाची आहे, हे पुढे दिसून येईल.

२. फॉन्टांचे युग आणि लखनौ-पुणे पत्रव्यवहार

प्रमाण तक्ते १९९१ सालीच सिद्ध झाले असले तरी घरोघरच्या संगणकांवर ते येण्यास बराच काळ लागला. विंडोज प्रणालीत मराठीची युनिकोड सोय 'मंगल' या फॉन्टसह विंडोज २००० पासून मिळू लागली. मधल्या काळात सर्वांनी एक आडवाट धरली. रोमन अक्षरांच्याच जागांवर देवनागरीचे आकार बसविलेले फॉन्ट निघाले. संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच राही. केवळ डोळ्यांना तो देवनागरी दिसे.

या आडवाटेचा परिणाम ज्यांचा पत्रव्यवहार दोन प्रांतांत चाले त्यांना सर्वाधिक भोगावा लागला. लखनौचा मराठीशी असलेला संबंध जुना आहे. १९२६ साली विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने तेथे मॅरिस संगीत महाविद्यालय स्थापन झाले आणि श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी तेथील प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळले. नोकरी-शिक्षणानिमित्त उत्तरेत गेलेली मराठी कुटुंबे अशा शहरांत राहत आली आहेत. आता असे समजावे की, लखनौच्या उत्तर भागातील विकास नगर या वसाहतीत राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी २००० सालच्या सुमारास पुण्यातील आपल्या बहिणीस ई-पत्र लिहिले. उत्तर प्रदेशात टंकलेखनासाठी 'कृतिदेव' हा फॉन्ट सर्वत्र रूढ होता. पुण्याकडे 'श्रीलिपी', 'शिवाजी' अशा फॉन्टांचा प्रसार होता. दोहोंत एकाच देवनागरी वर्णाच्या जागा वेगवेगळ्या. विकास नगरात जे पत्र स्वच्छ मराठीत दिसे, ते पुण्यात कृतिदेव नसलेल्या संगणकावर निव्वळ रोमन अक्षरांची भेसळ म्हणून उघडे.

कृतिदेवात 'हिन्दी' हा शब्द एफ, जी, यू, एन, एच या पाच रोमन कळांनी साठविला जातो. त्यांतील एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, आणि ती 'ह'च्या आधी येते. कारण हा फॉन्ट उच्चाराचा नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या आकारांचा क्रम पाळतो. युनिकोडमध्ये आधी 'ह' व मग वेलांटी असा उच्चारक्रम असतो. म्हणून असे पत्र युनिकोडमध्ये आणताना अक्षरास अक्षर बदलून भागत नाही. वेलांटी व रफार यांच्या जागाही हलवाव्या लागतात. हे काम करणारे परिवर्तक उपलब्ध आहेत. परंतु पत्रात अधूनमधून खरे इंग्रजी शब्द असतील, तर साध्या मजकुरात ते ओळखण्याची कोणतीच खूण नसते, आणि परिवर्तक त्यांचेही देवनागरी कडबोळे करतो. परिवर्तनानंतर मूळ प्रतीशी ताडून पाहणे म्हणूनच अपरिहार्य ठरते.

पत्र सजावटीसह, म्हणजे एचटीएमएल स्वरूपात पाठविलेले असेल, तर त्याच्या मूळ संहितेत फॉन्टचे नाव लिहिलेले सापडते. साध्या स्वरूपातील पत्रात ते सापडत नाही. तेथे पाठविणाऱ्याचा प्रांत, काळ व सवय यांवरून फॉन्ट ओळखावा लागतो. हस्तलिखिताच्या वळणावरून त्याचा प्रदेश ओळखणाऱ्या अभ्यासकाला ही रीत परकी वाटणार नाही.

या काळातील प्रोग्रामांपैकी 'यूडोरा' या प्रोग्रामचे नाव वाङ्मयाच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवावे असे आहे. स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ साली इलिनॉय विद्यापीठात तो रचला, आणि टपालकचेरीत राहणाऱ्या नायिकेची कथा लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका यूडोरा वेल्टी यांच्या नावावरून त्याचे नामकरण केले. लेखिकेचे नाव धारण करणाऱ्या या प्रोग्रामला युनिकोड मात्र अखेरपर्यंत नीट हाताळता आले नाही, आणि २००६ साली त्याची मूळ परंपरा थांबली. यूडोरात जपलेली देवनागरी पत्रे आज उघडणाऱ्याने ही मर्यादा गृहीत धरूनच चालले पाहिजे.

३. पाच लक्षणे

पत्र वाचता येत नसेल तर पडद्यावर काय दिसते, याचे नीट निरीक्षण करावे. पुढील पाच लक्षणे एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळी आहेत.

पहिले लक्षण, रिकामे चौकोन. संगणकाला वर्ण कळला आहे, पण त्याचा आकार दाखविणारा फॉन्ट त्याच्याजवळ नाही. छापखान्यातील खणात खिळा नसावा, तसा हा प्रकार. मजकूर पूर्ण शाबूत असतो. देवनागरी फॉन्ट बसविताच पत्र दिसू लागते.

दुसरे लक्षण, रोमन अक्षरांची विचित्र पण नियमित रांग. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि त्यामागे चार कोपऱ्यांना किरणे फुटलेले वर्तुळ किंवा जपानी येन चलनाचे चिन्ह, ही जोडी पुन्हा पुन्हा येत असेल, तर ते यूटीएफ-८ मधील देवनागरीच होय. पश्चिम युरोपीय तक्त्यात २२४, १६४ व १६५ या अंकांवर नेमकी हीच चिन्हे आहेत. 'क' असेल तर या जोडीनंतर एक ठळक टिंब दिसते, कारण १४९ या अंकावर ते आहे. येथे चिठ्ठी चुकली आहे, मजकूर नाही.

तिसरे लक्षण, बरोबरच्या चिन्हांची माळ. बरोबरचे चिन्ह, मग ई व शून्य. पुन्हा बरोबरचे चिन्ह, मग ए व चार, असा क्रम दिसल्यास गाठोडे सोडलेच गेलेले नाही असे समजावे. हा मजकूरही शाबूत असतो.

चौथे लक्षण, काळ्या शंकरपाळ्यातील पांढरे प्रश्नचिन्ह. प्रोग्रामला एखादा अंक अवैध वाटल्याने त्याने त्या जागी हे चिन्ह दाखविले आहे. मूळ संहितेत तो अंक अजून असू शकतो. पण अशा पत्राला उत्तर दिले किंवा ते पुढे पाठविले, तर उद्धृत भागात ते चिन्हच कायम होऊन बसते.

पाचवे लक्षण, साध्या प्रश्नचिन्हांची रांग. हे खरे कसरीचे भोक. देवनागरीला जागा नसलेल्या तक्त्यात मजकूर बदलला गेला, आणि प्रत्येक वर्णाच्या जागी एकच एक प्रश्नचिन्ह लिहिले गेले. 'क' व 'ख' यांची प्रश्नचिन्हे सारखीच असल्याने त्यांतून मूळ पाठ काढता येत नाही. अशा वेळी त्या प्रतीवर श्रम न करता दुसऱ्या प्रतीचा शोध घ्यावा: पाठविणाऱ्याच्या संगणकातील 'पाठविलेली' पत्रे, सर्व्हरवरील प्रत, किंवा ज्यांना ते पत्र एकाच वेळी गेले असे इतर प्राप्तकर्ते. प्रतींची वंशावळ लावून मूळाच्या अधिकाधिक जवळ जाण्याची जी पद्धत विष्णु सीताराम सुकठणकर यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात बसविली, तीच येथे लहान प्रमाणावर उपयोगी पडते.

दुसऱ्या लक्षणाच्या पत्रांविषयी एक इशारा आवश्यक आहे. ती शाबूत असतात म्हणून पडद्यावरील विचित्र मजकूर उचलून दुसरीकडे चिकटविण्याचा आणि तेथे दुरुस्त करण्याचा मोह होतो. तो टाळावा. पश्चिम युरोपीय विंडोज तक्त्यात १२९, १४१, १४३, १४४ व १५७ या पाच जागांवर कोणतेही चिन्ह नेमलेले नाही. काही प्रोग्राम हे अंक जपतात, काही गाळतात. देवनागरीत याच अंकांनी संपणारी चिन्हे म्हणजे ऱ्हस्व उकार, हलन्त, ए, ऐ आणि झ. शिवाय 'ठ'चा शेवटचा अंक १६० हा त्या तक्त्यात न तुटणारी मोकळी जागा दर्शवितो, आणि पुष्कळ प्रोग्राम तिचे साध्या मोकळ्या जागेत रूपांतर करतात. 'भ'चा शेवटचा अंक १७३ हा एरवी न दिसणारा संयोगचिन्हाचा संकेत असल्याने तोही गळू शकतो. म्हणजे पडद्यावरून उचललेल्या मजकुरात 'मराठी भाषा' हे दोन शब्दसुद्धा धड परत येतील याची शाश्वती नाही. आणि हलन्त गेल्यास सर्वच जोडाक्षरे मोडतात. दुरुस्ती नेहमी मूळ संहितेवरून करावी, पडद्यावरील छायेवरून नव्हे.

४. प्रोग्रामची जुळणी

आज घरच्या संगणकावर सर्वसाधारणपणे 'थंडरबर्ड' (पहिली पूर्ण आवृत्ती २००४) किंवा 'आउटलुक' यांपैकी एखादा प्रोग्राम असतो. जुळणीचे तत्त्व दोहोंत सारखेच आहे.

प्रथम खाते. पत्रे आणण्याच्या दोन पद्धती आहेत. 'पॉप' पद्धतीत पत्र सर्व्हरवरून उतरवून घेतले जाते आणि जुळणी तशी असेल तर सर्व्हरवरून पुसलेही जाते. 'आयमॅप' पद्धतीत मूळ प्रत सर्व्हरवर राहते आणि संगणकावर तिचे प्रतिबिंब असते. सुरक्षित जोडणीसाठी पॉपला ९९५ व आयमॅपला ९९३ हे पोर्ट क्रमांक द्यावेत. पत्र पाठविण्यासाठी ५८७ किंवा ४६५. जतनाच्या दृष्टीने आयमॅप बरी असली तरी तीत एक धोका आहे: सर्व्हरवर पत्र पुसले गेले की संगणकावरील प्रतिबिंबही जाते. म्हणून महत्त्वाची पत्रे संगणकातील स्वतंत्र स्थानिक फोल्डरात उतरवून ठेवावीत. पॉप वापरणाऱ्याने 'सर्व्हरवर प्रत ठेवावी' ही खूण केल्याची खात्री करावी.

जुन्या संगणकावर परवलीचा शब्द बरोबर असूनही खाते उघडत नाही, ही नेहमीची तक्रार. तिचे कारण बहुधा प्रोग्रामच्या वयात असते. उदाहरणार्थ, गूगलने २०२२ साली वैयक्तिक खात्यांसाठी केवळ नाव व परवलीचा शब्द देऊन प्रवेश घेण्याची जुनी पद्धत बंद केली. आता प्रोग्रामला ओळख पटविण्याची नवी पद्धत यावी लागते, किंवा त्या प्रोग्रामपुरता वेगळा परवलीचा शब्द खात्यातून तयार करून घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट संकेतन, म्हणजे एन्कोडिंग. पाठविण्याचे संकेतन यूटीएफ-८ असल्याचे पाहावे. जुन्या प्रोग्रामात ते 'पश्चिम युरोपीय' असे ठेवलेले असते, आणि मराठी लिहून पाठविताना प्रोग्राम एक इशारा दाखवितो. तो न वाचता पुढे गेल्यास पाचव्या लक्षणाचे पत्र जन्मास येते. आलेले पत्र दुसऱ्या लक्षणाचे असेल, तर थंडरबर्डच्या 'व्ह्यू' यादीतील 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' ही आज्ञा द्यावी. जुन्या प्रोग्रामांत 'एन्कोडिंग' या यादीतून यूटीएफ-८ निवडावे. यामुळे केवळ वाचण्याची किल्ली बदलते. जपलेल्या पत्राला धक्का लागत नाही.

तिसरी गोष्ट फॉन्ट. थंडरबर्डमध्ये प्रत्येक लिपीसाठी वेगळा फॉन्ट ठरविता येतो; त्या यादीत 'देवनागरी' निवडून फॉन्ट नेमावा. लखनौसारख्या ठिकाणी संगणकाची जुळणी हिंदीसाठी केलेली असते. हिंदी वळणाचा फॉन्ट मराठीलाही चालतो. पण 'ल' व 'श' यांची मराठी वळणे त्यात दिसतीलच असे नाही. हा केवळ दर्शनाचा फरक आहे. मजकुराच्या दृष्टीने ते वर्ण एकच होत, म्हणून त्यास बिघाड मानू नये.

चौथी गोष्ट विषयाची ओळ. ती पत्राच्या शीर्षभागात असल्याने तिच्यासाठी वेगळा नियम आहे: गुंडाळलेला प्रत्येक तुकडा ७५ चिन्हांपेक्षा लांब नसावा. रूढ पद्धतीने गुंडाळल्यास अशा तुकड्यात यूटीएफ-८ चे ४५ अंक, म्हणजे देवनागरीची फार तर १५ चिन्हे मावतात, मात्रा वेगळ्या मोजून. 'दिवाळी अंकासाठी' एवढे शब्द एका तुकड्यात बसतात. पुढचा 'लेख' हा शब्द दुसऱ्या तुकड्यात जातो. तुकडा वर्णाच्या सीमेवरच तोडावा असा नियम आहे. तो न पाळणारा प्रोग्राम एका वर्णाचे तीन अंक दोन तुकड्यांत विभागतो, आणि मजकूर स्वच्छ असूनही विषयाच्या मधोमध एक शंकरपाळे उमटते. त्यावरून सबंध पत्र बिघडले असे समजण्याचे कारण नाही.

५. न दिसणारे पाठभेद

येथवरच्या बिघाडांचा एक गुण असा की ते डोळ्यांत खुपतात. मराठीत याहून घातक असा एक प्रकार आहे, ज्यात पत्र स्वच्छ दिसते, पण पाठ बदललेला असतो. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' हे दोन शब्द वेगळे आहेत. पहिला स्वयंपाक्यांना उद्देशून, दुसरा गुरुजनांना. पहिल्यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: 'ऱ' या वर्णाला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या पत्रातून एखाद्या प्रोग्रामने ते अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून गाळले, की स्वयंपाक्याचा आचार्य होतो. वाक्याला अर्थ राहतो, म्हणून वाचकाला शंका येत नाही. संपादकाने अशा शब्दांची संहिता मुद्दाम तपासली पाहिजे, आणि नवे लेखन पहिल्या रीतीने करावे.

'ॲ' या स्वराचीही अशीच कथा आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्यापूर्वीच्या पत्रांत तो 'अ' व त्यावर चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलेला असतो. दिसण्यात भेद नाही. पण प्रोग्रामच्या शोधखिडकीत एका रूपाने शोधल्यास दुसरे रूप सापडेलच असे नाही. एखाद्या लेखकाच्या पत्रसंग्रहात अमुक शब्द आढळत नाही असे विधान करण्यापूर्वी, त्याच्या सर्व संभाव्य रूपांनी शोध घेतला होता काय, हे अभ्यासकाने स्वतःस विचारले पाहिजे.

६. जतन

ई-मेल प्रोग्राम पत्रे कोणत्या स्वरूपात साठवितो, यावर त्यांचे भवितव्य अवलंबून असते. थंडरबर्ड सामान्यतः एका फोल्डरातील सर्व पत्रे एका सलग फाइलीत ठेवतो आणि शेजारी तिची एक अनुक्रमणिका राखतो. फोल्डर एकाएकी रिकामा दिसू लागला किंवा एका पत्राच्या नावाखाली दुसरेच उघडू लागले, तर बहुधा अनुक्रमणिका बिघडलेली असते, पत्रे नव्हेत. फोल्डराच्या गुणधर्मांत 'रिपेअर फोल्डर' ही आज्ञा आहे, तिने अनुक्रमणिका नव्याने तयार होते. 'कॉम्पॅक्ट' ही आज्ञा मात्र जपून वापरावी. पुसलेली पत्रे प्रत्यक्षात त्या फाइलीत तशीच असतात आणि या आज्ञेने ती कायमची जातात; चुकून पुसलेले पत्र परत मिळविण्याची संधीही त्याबरोबर जाते. जुन्या आउटलुकचा संग्रह हाती आला, तर त्याची आवृत्ती पाहावी. २००३ च्या आवृत्तीपूर्वीच्या संग्रहफाइली युनिकोडच्या नव्हत्या, आणि त्यांची कमाल मर्यादा दोन गिगाबाइट होती. अशा संग्रहात मराठी विषयओळींच्या जागी प्रश्नचिन्हे आढळणे अनपेक्षित नव्हे.

विकास नगरातील त्या गृहस्थांची पत्रे आज त्यांच्या वारसांनी उघडावयाची ठरविली, तर कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. सर्वप्रथम प्रोग्राम बंद ठेवून संपूर्ण संग्रहाची दुसऱ्या ठिकाणी नक्कल करावी आणि पुढील सर्व प्रयोग नकलेवरच करावेत. मग एकेका पत्राची मूळ संहिता पाहावी. थंडरबर्डमध्ये कंट्रोल व यू या कळा एकत्र दाबल्याने ती उघडते. तीत वर्णसंचाची चिठ्ठी कोणती आहे, गुंडाळणी कोणती आहे आणि फॉन्टचे नाव मिळते काय, हे टिपून घ्यावे. त्यानंतर पाच लक्षणांपैकी कोणते लागू पडते ते ठरवावे. किल्ली बदलून पत्र वाचता आले, तर ते 'ईएमएल' या स्वरूपात स्वतंत्र जपावे. त्यात शीर्षभाग, तारीख, पाठविणारा व मजकूर हे सर्व अविकृत राहते. केवळ छापून घेतलेल्या किंवा पडद्यावरून उतरविलेल्या प्रतीत ते राहत नाही. कृतिदेवसारख्या फॉन्टातील पत्राची युनिकोड प्रत करावी, पण मूळ प्रत टाकून देऊ नये. परिवर्तकाची चूक पुढे केव्हातरी लक्षात आली तर मूळाकडेच परतावे लागते.

ही कामे तंत्रज्ञाची आहेत, वाङ्मयाच्या अभ्यासकाची नव्हेत, असे मानण्याची प्रवृत्ती दिसते. परंतु 'आचारी' की 'आचार्य' हा निर्णय तंत्रज्ञ करू शकत नाही. पत्राचा संदर्भ, लेखकाची शैली व भाषेचे ज्ञान यांवरच तो करता येतो. यापुढे प्रसिद्ध होणाऱ्या पत्रसंग्रहांत संपादकाने प्रत्येक ई-पत्राची माहिती हस्तलिखिताच्या वर्णनाप्रमाणे द्यावी: ते कोणत्या प्रोग्रामच्या संग्रहातून घेतले, कोणत्या वर्णसंचात वा फॉन्टात होते, कशाच्या साहाय्याने परिवर्तित केले, आणि कोठे पाठ संशयित आहे. मूळात प्रश्नचिन्हे असतील तेथे अंदाजाने शब्द भरू नयेत. गळलेली जागा गळलेली म्हणूनच छापावी. जुने संगणक बदलताना ते मोडीत काढणाऱ्याच्या हाती देण्याचा प्रघात सर्वत्र पडला आहे. ज्या घरात लेखक, संपादक किंवा केवळ चांगली पत्रे लिहिणारे एखादे माणूस होऊन गेले, तेथील संगणक दाराबाहेर जाण्यापूर्वी त्यातील टपालाची नक्कल झाली आहे काय, एवढी चौकशी अभ्यासकांनी आपापल्या परिसरात केली, तरी पुष्कळ साधने वाचतील.